रंगांची निवड : अंग, काठ आणि पदर

नरकचतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नान आटोपून डोंबिवलीची तरुणाई फडके रस्त्याची वाट धरते. गणेश मंदिरात दर्शन घ्यायचे आणि मग रस्त्यावर मित्रमैत्रिणींना भेटायचे, हा येथील वर्षानुवर्षांचा परिपाठ. ठाण्यात राम मारुती रस्त्यावर आणि तलावपाळीवर थोड्याफार फरकाने हेच दृश्य असते. एरवी जीन्स आणि टी-शर्टमध्ये दिसणारी मुले-मुली त्या दिवशी डाळिंबी, मोरपंखी, केशरी, अबोली रंगांत न्हाऊन निघतात. पाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेतही हाच अनुभव. १९९९ साली डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने ही यात्रा सुरू केली आणि पुढे ती राज्यभर पसरली. रंगांची हौस आणि रंगांची जाण या भागाला नवी नाही, याची साक्ष असे दिवस देतात.

मग घराच्या भिंतीला रंग द्यायची वेळ आली, की आपण गोंधळतो का? शेडकार्डावरील शेकडो चौकोनांपुढे बसून नवरा-बायकोत वाद होतात, अखेर ‘क्रीमच बरा’ म्हणून सुटका करून घेतली जाते. साडीच्या दुकानात दोन तास घालवून कपाटात आधीच असलेल्या रंगाचीच साडी घरी येते. भेटवस्तू द्यायची तर ‘कोणालाही चालेल’ असा रंग शोधला जातो, म्हणजे खरे तर कोणाचाही नसलेला. कारण आपण रंग एकेकटा निवडतो. रंग कधीच एकटा नसतो. त्याच्या शेजारी कोणता रंग आहे, तो किती प्रमाणात आहे आणि त्याच्यावर कोणता उजेड पडतो आहे, या तीन गोष्टींनी तो घडतो. या तिन्ही गोष्टी शिकण्यासाठी महागड्या सजावटकाराकडे जाण्याची गरज नाही. ठाणे ते कल्याण या टापूत त्या पदोपदी दिसतात.

पाहायचे कोठे?

प्रथम कल्याणचा फुलबाजार. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात दसऱ्याच्या आधी एखाद्या पहाटे जावे. झेंडूच्या राशी पाहताना लक्षात येते, की केशरी रंग एक नाही. लिंबाकडे झुकणाऱ्या पिवळ्यापासून विटकरी छटेपर्यंत त्याच्या अनेक पायऱ्या आहेत. शेजारी शेवंतीचा पिवळा पडला, की झेंडू अधिक तांबूस वाटू लागतो. त्यावर आंब्याचा एक टहाळा ठेवला, तर तोच झेंडू पेटून उठतो. आपल्या पूर्वजांनी तोरणात झेंडू आणि आंब्याची पाने एकत्र ओवली, त्यामागे पावित्र्याची भावना होती आणि डोळ्यांची पारखही होती.

दुसरा धडा येऊरचा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा हा ठाण्याकडील भाग फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीने मातकट झालेला असतो आणि त्या मातकट पार्श्वभूमीवर पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. हिरव्यागार रानात पळस इतका उठून दिसला नसता. उन्हाळ्यात राज्यपुष्प ताम्हण रस्त्याकडेलाही फुलते. त्याचा जांभळट-गुलाबी रंग भर दुपारी फिका, तर सायंकाळी गडद भासतो. उंबर-वडाच्या झाडांवर नशिबाने आपला राज्यपक्षी हरियाल दिसला, तर त्याचे रंग नीट पाहावेत. शेवाळी-पिवळसर अंग, राखाडी डोके, खांद्यावर फिकट जांभळा ठिपका आणि पिवळे पाय. एवढ्या चार रंगांत एखादी बैठकीची खोली सजवता येईल.

तिसरा धडा ठाण्याच्या खाडीचा. २०१५ साली येथील फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ साली त्याला रामसर दर्जा मिळाला. चिखलात उभा असलेला रोहित पक्षी पांढुरका-गुलाबी दिसतो. तो उडाला, की पंखांतील गडद गुलाबी आणि काळा रंग एकदम उघडतो. एवढा वेळ तो रंग झाकलेला होता, म्हणूनच तो क्षण डोळ्यांत राहतो. भडक रंग किती वापरावा, याचे उत्तर त्या पंखात आहे.

आपला जुनाच हिशेब

गृहसजावटीच्या पुस्तकांत साठ, तीस आणि दहा टक्के असे एक गणित सांगितले जाते. मुख्य रंग साठ, साहाय्यक तीस आणि उठावाचा रंग दहा. मराठी घरांत हे गणित निराळ्या शब्दांत केव्हापासूनच आहे. साडीचे अंग, काठ आणि पदर! येवल्याची वा पैठणची पैठणी डोळ्यांसमोर आणावी. अंग एका रंगाचे, शांत, फार तर बारीक बुट्टीचे. काठ वेगळ्या रंगाचा, अंगाला चौकटीत धरणारा. साऱ्या रंगांची उधळण, मोर आणि वेलबुट्टी पदरावर. अंगभर मोर विणले असते, तर पदराकडे कोणी पाहिले नसते.

वारली चित्रांत हे प्रमाण टोकाला नेलेले दिसते. गेरूने सारवलेली भिंत हे अंग आणि तांदळाच्या पिठाची पांढरी बारीक रेघ एवढाच तिच्यावरचा साज. दोनच रंग, पण त्यांत लग्नाचा चौक, शेत, तारपा नृत्य, सारे मावते. ही कला २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग असलेल्या, आताच्या पालघर जिल्ह्यातील. तिला भिंतीवरून कागदावर आणि तेथून जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आज वारली आकृत्या चहाच्या कपापासून पडद्यांपर्यंत सर्वत्र छापल्या जातात, परंतु अनेकदा निळ्या, गुलाबी, सोनेरी पार्श्वभूमीवर. आकृती उचलली, प्रमाण मात्र मागेच राहिले.

तेव्हा कोणतीही रंगयोजना ठरवताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. याचे अंग कोणते? काठ कोणता? पदर कोणता? तीन पदर असलेली साडी कोणी नेसत नाही. तसेच लाल सोफा, निळी भिंत आणि पिवळे पडदे एकाच खोलीत परस्परांशी भांडत बसतात.

घर : आधी उजेड, मग रंग

आपल्याकडील बहुसंख्य सदनिका लहान आणि इमारती एकमेकींना खेटून उभ्या. त्यामुळे खोलीत येणारा उजेड बऱ्याचदा आकाशातून थेट येत नाही, समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून परतून येतो आणि येताना त्या भिंतीचा रंगही आणतो. समोर पिवळी इमारत असेल, तर तुमची पांढरी भिंत दुपारी पिवळट दिसणारच. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड दिवसभर स्थिर आणि किंचित निळसर असतो. तेथे राखाडी रंग उदास वाटतो, फिकट पिवळा वा मोतिया खुलतो. पश्चिमेच्या खोलीत सायंकाळी तांबूस ऊन शिरते. तेथे आधीच उष्ण असलेला केशरी अंगावर येतो, पण पिस्तई किंवा फिकट निळा सुखावतो.

रात्रीचे गणित आणखी वेगळे. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० केल्विनचा दिवा पिवळसर, तर ६५०० च्या आसपासचा निळसर पांढरा उजेड देतो. नोकरदार कुटुंबे आपले घर बहुतांशी दिव्याच्याच उजेडात पाहतात. सकाळी अंधारात लोकल गाठायची आणि परतायचे ते दिवेलागणीनंतर. म्हणून शेडकार्डावरून थेट रंग ठरवू नये. रंगाचा लहान डबा आणावा, मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्यावेत आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून भिंतीपाशी धरून पाहावा. कार्डावरील लहान चौकोनापेक्षा पूर्ण भिंतीवर रंग नेहमी अधिक तीव्र भासतो. त्यामुळे मनात भरलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकट घेणे बहुधा हिताचे ठरते.

जुन्या घरांत चुन्याच्या सफेदीत थोडी नीळ कालवीत. निळा हा पिवळ्याचा विरोधी रंग. त्यामुळे चुन्याची पिवळट झाक दबते आणि भिंत अधिक शुभ्र दिसते. रंग शेजाऱ्यावर कसा ठरतो, याचे हे घरगुती उदाहरण. कोकणपट्टीच्या पावसाळ्याचाही विचार हवा. ज्या भिंतीला ओल येते आणि लोणा लागतो, तिच्यावर गडद रंग देणे म्हणजे पांढरे डाग मुद्दाम उठवून दाखवणे. आधी गळती थांबवावी, रंग नंतर.

लहान मुले असतील, तर आणखी एक दक्षता घ्यावी. पूर्वी पिवळ्या, केशरी, लाल अशा भडक रंगांत शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असल्याने केंद्र सरकारने २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले. डब्यावर तसा उल्लेख पाहूनच रंग घ्यावा आणि जुने, पोपडे सुटलेले रंग कोरडे खरवडू नयेत.

ज्यांचे घर अकरा महिन्यांच्या कराराचे आहे, त्यांना भिंत रंगवता येत नाही. पण काठ आणि पदर त्यांच्याच हातात असतात. पडदे, सोलापुरी चादर, आजीच्या साड्यांची गोधडी, खणाचे उशांचे अभ्रे किंवा फळीवर मांडलेले पितळेचे दोन डबे यांनी भाड्याची खोलीसुद्धा आपली होते.

पेहराव : शेजारधर्म

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबेलाँ या प्रसिद्ध कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेल्या शेव्रल नावाच्या रसायनतज्ज्ञाकडे तक्रार आली, की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्याने तपासले तेव्हा धाग्याच्या रंगात खोट नव्हती. दोष होता शेजारच्या निळ्याचा. त्यातून त्याने रंगांच्या परस्पर परिणामांचा अभ्यास केला आणि १८३९ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पेहरावाच्या बाबतीत आपल्या सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे आपली त्वचा. ‘मला पिवळा शोभत नाही’ असे म्हणणाऱ्या स्त्रीला बहुधा लिंबाचा पिवळा शोभत नसतो. हळदीचा कदाचित खुलून दिसेल. सावळ्या वर्णाने फिकेच नेसावे, हा तर निव्वळ पूर्वग्रह. डाळिंबी, मोरपंखी, गर्द जांभळा हे रंग सावळ्या कांतीवर जितके उठतात, तितके गोऱ्या कांतीवर क्वचितच उठतात. कापड खांद्यावर टाकून दिवसाच्या उजेडात, दुकानाच्या दाराशी येऊन आरशात पाहावे. चेहरा आधी दिसला तर रंग योग्य, कापड आधी दिसले तर अयोग्य.

मराठीतील रंगांची नावेही या कामी मदत करतात. आमसुली, अंजिरी, अबोली, गुलबक्षी, पारवा, शेंदरी, चिंतामणी ही नावे ज्याला ठाऊक आहेत, तो केवळ ‘लाल’ किंवा ‘निळा’ एवढ्यावर थांबत नाही. नाव कळले, की छटा दिसू लागते. इरकलीत आणि खणात दिसणारी धूपछाँव हाही असाच विषय. उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या. त्यामुळे कापड हलले, की रंग बदलल्यासारखा भासतो. हा रंग कोणत्याही शेडकार्डावर सापडणार नाही, कारण तो डोळ्यांत तयार होतो.

नवरात्रातील नऊ रंगांविषयी मात्र थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. या शतकाच्या आरंभी वृत्तपत्रांनी ही यादी छापायला सुरुवात केली आणि पाहता पाहता सकाळच्या लोकलमधील महिलांचे डबे एकरंगी होऊ लागले. या यादीला जुना शास्त्राधार नाही. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल अशी ती मुख्यतः वारांवर बेतलेली आहे. तिच्यातील आनंद खरा आहे. गर्दीत चिरडून प्रवास करणाऱ्या स्त्रियांना त्या नऊ दिवसांत आपण सगळ्या एक आहोत, असे वाटते, हे थोडे नव्हे. पण ज्या मैत्रिणीकडे त्या दिवसाचा रंग नाही, तिला अपराधी वाटू लागले किंवा वर्षातून एकदा नेसण्यासाठी राखाडी साडी विकत आणावी लागली, तर सणाचा गणवेश होतो. त्या रंगाची एक ओढणी, एक बांगडी वा केसांतील फूलही पुरेसे असते. तो दिवसाचा पदर. अंग आपलेच असू द्यावे.

भेट : समोरच्याचा रंग

भेटवस्तू देताना आपण बहुधा आपल्याला आवडणारा रंग देतो. खरे तर समोरच्या माणसाचे घर, त्याचे कपडे, त्याच्या हातातील पिशवी हे सारे त्याची आवड सांगत असते. लक्ष देऊन पाहणे, हीच अर्धी भेट. कोणाच्या घरी अंग आणि काठ आधीच जमलेले असतील, तर आपण पदर द्यावा. एखादा लहानसा, पण ठसठशीत रंग. मोठी वस्तू द्यायची असेल, तर तिचा रंग सौम्य असावा.

आपल्या परंपरेत भेटीच्या रंगांना अर्थ आहेत. डोहाळजेवणाची हिरवी साडी आणि हिरवा चुडा, लग्नातील हळदीचा पिवळा, एरवी टाळला जाणारा पण संक्रांतीला मुद्दाम नेसला जाणारा काळा. थंडीत काळे कापड उष्णता अधिक शोषते, हा त्यातील व्यावहारिक भाग. चंद्रकळा नेसलेली, हलव्याचे दागिने घातलेली नवी सून म्हणजे पुन्हा काळे अंग आणि पांढरा पदर!

पण याच परंपरेत रंग नाकारण्याचीही रीत आहे, तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. नवरा गेला, की बाईच्या कपाळाचे कुंकू, हातातील हिरव्या बांगड्या आणि अंगावरचे गडद रंग एका दिवसात काढून घेतले जात. पुढे तिला मिळणारी प्रत्येक साडी फिकट. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणे नाही, त्यामुळे वाणही नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर गावांना तो आदर्श घेण्याचे आवाहन केले. शहरांत आपण स्वतःला पुढारलेले समजतो. तरीही दिवाळीला आईसाठी साडी घेताना, ती एकटी राहिली आहे म्हणून आपला हात आपोआप राखाडीकडे जातो का, हे एकदा तपासून पाहावे. तिचे जुने छायाचित्र काढावे. त्यात ती कोणत्या रंगात हसते आहे, ते पाहावे आणि तो रंग तिला परत द्यावा. रंगाची याहून मोठी भेट नाही.

रंगाची किंमत

या साऱ्या उधळणीची एक बाजू आपल्या परिसराइतकी क्वचितच कोणी पाहिली असेल. सहाव्या शतकातील ग्रीक व्यापारी-प्रवासी कॉस्मस याने कल्याण बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात कापडाचा उल्लेख केला आहे. कापडाशी असलेले हे नाते आजही आहे. भिवंडीच्या यंत्रमागांवरून बरेचसे कापड कोरेच बाहेर पडते. त्याला रंग लागतो तो प्रक्रिया कारखान्यांत, आणि त्यासाठी लागणारी रंगद्रव्ये बनवणारे कारखाने डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतही आहेत. जानेवारी २०१४ मध्ये येथे हिरवट थेंबांचा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक भागातील रस्ता गुलाबी झाला आणि तत्कालीन मुख्यमंत्र्यांना पाहणीसाठी यावे लागले. उल्हासनगर-कल्याणमधून वाहणाऱ्या वालधुनी नदीला जीन्स रंगवण्या-धुण्याच्या व्यवसायाने कित्येक वर्षे आपले रंग दिले.

कारण समजून घेतले पाहिजे. सुती कापड रंगवताना वापरला जाणारा सगळाच रंग धाग्याला चिकटत नाही. काही भाग पाण्यातच उरतो. त्या पाण्यावर प्रक्रिया झाली नाही, तर ते नाल्यातून नदीत आणि नदीतून खाडीत, म्हणजे त्याच रोहित पक्ष्यांच्या दारात जाते. प्रक्रिया करायला लावणे हे शासनयंत्रणेचे काम आहे आणि नागरिकांनी त्याचा आग्रह धरलाच पाहिजे. ग्राहक म्हणून आपल्या हाती आहे ती निवड. कमी, पण टिकणारे रंग घ्यावेत. विकत घेण्यापूर्वी पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या कडेवर घासून पाहावा. रुमाल रंगला, तर तो रंग पहिल्या धुण्यातच नाल्यात जाणार आणि सोबतचे कपडेही बिघडवणार. एका नवरात्रापुरती साडी किंवा एका मोसमापुरते पडदे घेऊ नयेत. जुन्या पैठणीचा पदर चौकटीत लावावा, इरकलीचे अभ्रे शिवावेत, विटलेल्या साड्यांची गोधडी करावी.

पुढच्या दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर किंवा तलावपाळीवर गेलात, तर पाच मिनिटे बाजूला उभे राहून नुसती गर्दी पाहावी. शेकडो रंग समोरून जातील. घरी परतल्यावर त्यांपैकी जे दोन-तीन आठवत असतील, ते कशाच्या शेजारी होते आणि किती होते, हे टिपून ठेवावे. घराला रंग काढायचा विचार मनात येईल, तेव्हा शेडकार्डाआधी तो कागद उघडावा.